चौथा ‘एच’ : हैती, एचआयव्ही आणि मनावरचा डाग

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने अमेरिकेत राहणाऱ्या ३४ हैतीयन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आजाराला तेव्हा ‘एड्स’ हे नावही मिळालेले नव्हते. समलिंगी संबंध या रुग्णांनी नाकारले होते, सुईने अमली पदार्थ घेणेही जवळजवळ सर्वांनी नाकारले होते. मार्च १९८३ पर्यंत हैतीयन स्थलांतरित जोखीमगटांच्या यादीत जाऊन बसले आणि ‘चार एच’ हा शब्दप्रयोग रूढ झाला : होमोसेक्शुअल, हिमोफिलियाग्रस्त, हेरॉइन घेणारे आणि हैतीयन. पहिल्या तिघांत संसर्गाचा काही मार्ग तरी सूचित होतो. चौथ्यात केवळ जन्मभूमी आहे. हद्दपारीच्या भीतीखाली जगणाऱ्या माणसाला परक्या भाषेत त्याच्या लैंगिक जीवनाविषयी विचारले, तर मिळालेल्या उत्तराला मोजमाप म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये १९८२ साली डॉ. ज्याँ विल्यम पाप आणि सहकाऱ्यांनी स्थापलेल्या गेस्किओ या केंद्राने हैतीतच अभ्यास केला. विषाणूचे मार्ग तेथेही इतर ठिकाणांसारखेच होते : लैंगिक संबंध आणि रक्त. १९८५ मध्ये हैतीयन यादीतून वगळले गेले. यादी दुरुस्त झाली, समज झाला नाही. तोवर नोकऱ्या गेल्या होत्या, हैतीचे पर्यटन कोसळले होते, शाळेत मुले आपले मूळ लपवू लागली होती. १९९० मध्ये रक्तदानावर पुन्हा सरसकट निर्बंध आला, तेव्हा हजारो हैतीयन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून चालत गेले. निर्बंध मागे घ्यावा लागला.

१९९१ च्या लष्करी उठावानंतर समुद्रमार्गे निघालेल्यांपैकी दोनशेहून अधिक एचआयव्हीबाधित निर्वासितांना ग्वांतानामोच्या तळावर काटेरी तारांमागे ठेवण्यात आले. आश्रयाचा त्यांचा दावा प्राथमिक तपासणीत ग्राह्य ठरला होता. अडसर होता तो रक्तचाचणीचा. १९९३ च्या आरंभी त्यांनी उपोषण केले, जूनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. (हे वाचताना गोव्याचे डॉमिनिक डिसूझा आठवतात. रक्तदान केल्यावर बाधा उघड झाली आणि १९८९ मध्ये म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात त्यांना ६४ दिवस डांबण्यात आले.)

खुद्द हैतीत संशयाने वेगळे रूप घेतले. पॉल फार्मर यांनी मध्य पठारावरील खेड्यात नोंदवले, की हा आजार कुणी मत्सरापोटी जादूने ‘धाडलेला’ असू शकतो, अशी समजूत होती. म्हणजे बाहेर जगाचा आरोप आणि घरात शेजाऱ्याविषयीचा संशय. रुग्णाचे मन या दोहोंच्या कात्रीत. १९९८ पासून कांज येथे झान्मी लासान्ते संस्थेने मोफत विषाणूरोधक औषधे देण्यास आरंभ केला. गावातलेच आरोग्यसेवक रोज घरी जाऊन औषध देत. अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा शेतात दिसू लागला, तसतशी गावाची भीती ओसरली. समुपदेशनाइतकेच, कदाचित अधिक, काम त्या गोळीने केले.

तरीही औदासीन्य उरतेच. हैतीयन क्रेओलमध्ये त्याला बहुधा ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. ‘रेफ्लेशी त्वॉप’ म्हणतात, अर्थात अतिविचार. विचारांनी पोखरले जाणे आपल्याकडेही अपरिचित नाही. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर झान्मी लासान्तेच्या कामातून औदासीन्य ओळखणारी प्रश्नावली तयार झाली, ती पाश्चात्त्य प्रश्नावलीच्या निव्वळ भाषांतरावर न थांबता, अशा स्थानिक शब्दांचा आधार घेऊन. त्याच महिन्यात अमेरिकेने एचआयव्हीबाधितांवरील १९८७ पासूनची प्रवेशबंदीही उठवली.