दहा नातेवाईक आणि एक मोडलेला पाय

१९६० साली मेलबर्नमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला गाडीनं उडवलं आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये त्याला आणलं तेव्हा त्याला पायापेक्षा वेगळीच काळजी होती. तो डॉक्टरांना एकच गोष्ट सांगत होता: "मला भूल देऊ नका. आमच्या घराण्यातली दहा माणसं ईथरची भूल दिल्यावर गेलीत."

आता विचार करा, तुम्ही सपोर्ट डेस्कवर आहात आणि युजर सांगतोय की तुमचं सॉफ्टवेअर फक्त आमच्या घरच्यांच्या मशीनवर क्रॅश होतं. आपण काय म्हणू? "सर, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय!" त्या मुलाच्या दहा नातेवाइकांच्या बाबतीत बहुधा हेच झालं असणार. ईथरची पहिली गाजलेली जाहीर भूल १८४६ सालची, बॉस्टनमधली. म्हणजे तेव्हा या तंत्राला शंभरहून जास्त वर्षं झाली होती आणि लाखो लोक भुलीतून सुखरूप जागे झाले होते. एखादा गेला तर हृदय कमजोर असेल, डोस जास्त झाला असेल, नाहीतर मग नशीब. आपल्याकडेही म्हणतातच ना, "टेबलावरच गेले हो!" तिथं चौकशी संपते.

इथं ती संपली नाही. भूलतज्ज्ञ जेम्स व्हिलियर्स यांनी ईथर टाळलं आणि त्याऐवजी हॅलोथेन वापरलं. हे औषध १९५६ पासून वापरात आलेलं, म्हणजे तसं नवंकोरं. पण दहाएक मिनिटांतच रक्तदाब घसरला, नाडी धावू लागली, अंग निळसर पडलं आणि तापलं. रुग्णानं सोडलेला कार्बन डायऑक्साईड शोषून घेणारा सोडा लाइमचा डबासुद्धा गरम झाला होता. व्हिलियर्सनी भूल ताबडतोब बंद केली, मुलाला बर्फानं थंड केलं आणि तो वाचला.

त्याच हॉस्पिटलमधल्या मायकेल डेनबरो यांनी मग त्या घराण्याची वंशावळ काढली. दोष पिढ्यान् पिढ्या उतरत होता. आई किंवा वडील, कुणाही एकाकडून आला तरी पुरे, म्हणजे प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. १९६० च्या जुलैमध्ये डेनबरो आणि रिचर्ड लव्हेल यांचं एक छोटं पत्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. या विकाराला पुढे नाव मिळालं मॅलिग्नंट हायपरथर्मिया. (हेच डेनबरो १९८४ साली अण्वस्त्रविरोधी पक्ष काढून राजकारणात उतरले, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

यातली गंमत कळायला आधी भुलीत शरीराच्या तापमानाचं काय होतं ते बघू. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा आपला थर्मोस्टॅट. एरवी तो फार काटेकोर असतो. तापमान अर्ध्या अंशानं जरी हललं तरी घाम सुरू करतो नाहीतर रक्तवाहिन्या आवळतो. भूल दिली की हा थर्मोस्टॅट सुस्तावतो आणि २ ते ४ अंशांचा फरकही चालवून घेतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटाछातीतली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरातच आतलं तापमान १ ते १.५ अंशानं उतरतं. म्हणून तर ऑपरेशननंतर पेशंट कुडकुडतो आणि थिएटरमध्ये गरम हवेची पांघरुणं ठेवतात. थोडक्यात, भुलीत माणूस थंड पडणं हा नियम. मग हा मुलगा तापला कसा?

उष्णता म्हटलं की पहिला संशय थर्मोस्टॅटवर, दुसरा थायरॉइडवर. थायरॉइडचं हार्मोन शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची ते ठरवतं. ते बेफाम वाढलं की 'थायरॉइड स्टॉर्म' येतं: ताप, धावती नाडी, घाम, सगळं हुबेहूब असंच. आजही भूलतज्ज्ञाला दोन्हींत फरक करावा लागतो. थायरॉइडचं वादळ बहुतेकदा ऑपरेशन झाल्यावर काही तासांनी येतं आणि त्यात स्नायू लाकडासारखे ताठ होत नाहीत.

खरा गुन्हेगार निघाला स्नायू. हार्मोन बरोबर, थर्मोस्टॅट बरोबर, पण भट्टीलाच आग लागलेली! स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. दार उघडलं की कॅल्शियम बाहेर येतं आणि स्नायू आखडतो. मग पंप ते परत आत भरतात आणि स्नायू सैल होतो. या रुग्णांमध्ये त्या दाराचं प्रथिन सदोष असतं. ईथर, हॅलोथेन किंवा आजचे आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन यांसारखे वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन दिलं की दार उघडंच राहतं. पंप भरतायत, दार सांडतंय... इन्फिनिट लूप! इंधन जळत राहतं, कार्बन डायऑक्साईड वाढतो (तापाच्याही आधी दिसणारी खूण बहुधा हीच) आणि तापमान कधी कधी दर ५ मिनिटांना १ अंशानं चढतं. सुरुवातीच्या काळात अशा रुग्णांपैकी ७० ते ८० टक्के दगावत.

उपाय सापडला डुकरांमुळे. कमी चरबीचं, भरपूर मांस देणारं जनावर हवं म्हणून युरोपात लँडरेस, पिएत्रें अशा जातींची पिढ्यान् पिढ्या निवड झाली होती. ही डुकरं गाडीत चढवताना नुसत्या ताणानं तापून मरत आणि त्यांचं मांस फिकं, पाणचट निघे. १९६६ साली दिसून आलं की सक्सिनिलकोलीन दिल्यावरही ती तशीच तापतात. म्हणजे संशोधकांना आयती टेस्ट सिस्टिम मिळाली. केपटाऊनमध्ये गेझफर्ड हॅरिसन यांनी अशा डुकरांवर डँट्रोलीन वापरून पाहिलं. हे स्नायू सैल करणारं औषध १९६७ साली तयार झालं होतं. त्यानं झटका आटोक्यात आला आणि हॅरिसन यांनी ते १९७५ साली प्रसिद्ध केलं. डँट्रोलीन कोठाराचं ते दारच लावून घेतं. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पुढे लवकर ओळख आणि डँट्रोलीन यांच्या जोरावर, चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. १९९० साली टोरांटो आणि डब्लिन इथल्या गटांनी दोषाचा पत्ता १९ व्या गुणसूत्रावरच्या 'आरवायआर१' या जनुकापर्यंत नेला. पुढच्याच वर्षी डुकरांमधला नेमका बदलही सापडला.

पण औषध असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं. जुन्या प्रकारच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम डँट्रोलीन, ते विरघळवायला ६० मिली पाणी. ७० किलोच्या माणसाला पहिल्या डोससाठीच ९ कुप्या लागतात. एकीकडे पेशंट तापतोय आणि दुसरीकडे दोन-तीन माणसं नुसत्या कुप्या हलवतायत, असं ते दृश्य. (२०१४ साली अमेरिकेत ५ मिलीत २५० मिलिग्रॅम विरघळणारा प्रकार आला.) शिवाय विकार इतका दुर्मीळ की हा साठा बहुतेक वेळा न वापरताच एक्स्पायर होतो. भारतात तर हे औषध कित्येक वर्षं सहजासहजी मिळतच नसे. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी केस रिपोर्ट्समध्ये ही खंत वारंवार मांडली आहे.

म्हणूनच मला त्या मुलाचं वाक्य इतकं मोलाचं वाटतं. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का?" आपण मोबाईलवरून मान वर न करता "नाही" म्हणून मोकळे होतो. खरं तर आपल्याला माहीतच नसतं. आजोबा अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये गेले, एक काका टेबलावरच गेले, या गोष्टी घरात दबक्या आवाजात बोलल्या जातात आणि कागदावर कधीच येत नाहीत. तुम्हाला स्वतःला आधी भूल देऊन काही झालं नसेल तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण हा दोष पहिल्या खेपेला दिसेलच असं नाही. उलट तो आधी माहीत असेल तर भूल देण्यात फारशी अडचण नाही. प्रोपोफॉल आहे, केटामीन आहे, पाठीत देतात ते इंजेक्शन आहे. त्या मेलबर्नच्या मुलाचं पुढे मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तेही पाठीत भूल देऊन, आणि ते निर्विघ्न पार पडलं.

तेव्हा या रविवारी आईला किंवा आत्याला फोन कराल तेव्हा "जेवलीस का?"च्या पुढे एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या रक्ताच्या नात्यात भुलीनंतर कुणी तापलं, ताठरलं किंवा गेलं होतं का? उत्तर बहुधा "नाही रे बाबा, भलतंच काय विचारतोस!" असंच येईल. पण चुकून 'हो' आलं, तर ते लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला दाखवा. डॉक्टरांच्या फाईलमध्ये ते नसेल, तुम्हीच सांगायला हवं.