तळटीप : तयार ऑब्जेक्टचा साठा कुठे परवडतो?
* ‘एकदा बनवलेला ऑब्जेक्ट जपून ठेवा’ हा लेखकाचा सल्ला वाचकांनी सरसकट लागू करू नये. जावाच्या ५व्या आवृत्तीपासून (२००४) −१२८ ते १२७ या पूर्णांकांचे इंटिजर ऑब्जेक्ट आधीच तयार असतात. व्हॅल्यूऑफ ही मेथड त्यांतलाच एक हाती देते. हे आकडे सतत लागतात, २५६च आहेत आणि बनल्यावर बदलत नाहीत, म्हणून हा साठा परवडतो. मात्र असे दोन इंटिजर ‘==’ने ताडून पाहिले, तर १२७ला उत्तर ‘खरे’ येते आणि १२८ला एरवी ‘खोटे’; तेव्हा तुलना इक्वल्सनेच करावी. आजच्या जावात अल्पायुषी ऑब्जेक्ट बनवणे आणि सोडून देणे फार स्वस्त पडते. उलट जपलेले ऑब्जेक्ट मेमरी अडवतात, गार्बेज कलेक्टरचे काम वाढवतात, आणि अनेक थ्रेड एकाच साठ्याकडे वळले की लॉकसाठी खोळंबतात. डेटाबेस कनेक्शनसारखी उभारायलाच महाग असलेली गोष्ट मात्र पूलमध्ये जरूर ठेवावी. बाकी ठिकाणी आधी प्रोफायलरने मोजावे, मगच साठवावे. — संपादक