मॉरिशसची दोन बंदरे

मॉरिशसला जाऊन आलेली मंडळी निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो दाखवतात. ते पाणी आहेच देखणे. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळांची रांग आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. मात्र याच प्रवाळांनी जहाजेही गिळली आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तिथली दोन बंदरे मुद्दाम पाहावीत.

पहिले आग्नेय किनाऱ्यावरचे ग्रँड पोर्ट. १५९८ मध्ये डच इथेच उतरले आणि राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटाला दिले. १७१० मध्ये ते गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले. या बेटाच्या आधाराने फ्रेंच जहाजे हिंदी महासागरात इंग्रजांची मालवाहू गलबते पकडत. म्हणून ऑगस्ट १८१० मध्ये इंग्रजांनी ग्रँड पोर्टवर चाल केली. त्यांच्या चारपैकी दोन युद्धनौका प्रवाळांत रुतल्या, त्या त्यांनाच जाळाव्या लागल्या. उरलेल्या दोन फ्रेंचांच्या हाती पडल्या. दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी, दुपेरे आणि विलोबी, यांच्यावर एकाच घरात उपचार झाले. माहेबूर गावातले ते घर आता संग्रहालय आहे. या विजयाचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरले आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात सगळे बेट इंग्रजांचे झाले!

दुसरे बंदर राजधानी पोर्ट लुईचे. इथला आप्रवासी घाट म्हणजे काही दगडी पायऱ्या आणि जुन्या इमारतींचे अवशेष. गुलामगिरी बंद होऊ लागली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर आले. पुढे साडेचार लाखांहून अधिक आले. बरेचसे बिहारकडचे, काही तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत पूर्वजाचे जे एकेरी नाव लिहिले गेले, तेच अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. आज तिथे शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

शाळेत आम्ही मुलांना लढाया आणि सनावळ्या शिकवल्या. पण एका आठवड्याच्या लढाईचे नाव कमानीवर गेले आणि लाखो माणसे वहीतल्या आकड्यांत राहिली. त्यांच्या पायऱ्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळायला २००६ साल उजाडावे लागले.

त्या वह्या मात्र शाबूत आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जपल्या आहेत. नाव, वडिलांचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून पुढे छायाचित्रही. आपल्या कोकणातल्या एखाद्या घरात "पणजोबांचा भाऊ बोटीने गेला तो परतलाच नाही" असे सांगत असतील, तर त्याचे नाव कदाचित तिथे असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा.