पडलेला उंदीर कोणी उचलायचा?

घरात शिरलेल्या उंदराचा प्रश्न आपल्याकडे इतिहासाचा प्रश्न मानला जात नाही. तो सापळ्याचा, विषाच्या गोळीचा, फार तर शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणाचा विषय समजला जातो. परंतु ज्या घरात उंदीर येतो ते घर कोणाच्या जागेवर, कोणत्या गटाराशेजारी, कोणाच्या गोदामामागे उभे आहे, हे विचारले की हा साधा प्रश्न समाजव्यवस्थेच्या मुळाशी जाऊन भिडतो. मुंबईच्या प्लेगचा इतिहास याची साक्ष देतो.

जुन्या पिढीच्या तोंडी एक शब्दप्रयोग होता : "गावात उंदीर पडले." आढ्यावरून, भिंतीच्या कडेने उंदीर पटापट मरून पडू लागले की लोक भांडीकुंडी उचलून माळावर खोपटी घालून राहत. उंदीर पडणे आणि माणूस पडणे यांतला संबंध गावाने अनुभवातून ओळखला होता. सरकारी शास्त्राला तो मान्य करायला दहाएक वर्षे लागली. मधल्या काळात त्या अज्ञानाची किंमत कोणी मोजली, हा आपल्या विचाराचा मुद्दा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची पेठ. गोण्यांच्या थप्प्या, त्यांखाली उंदरांची वस्ती. म्हणजे रोगाचा आरंभ महारवाड्यातून वा भंगी वस्तीतून झालेला नव्हता. तो व्यापाराच्या कोठारातून झाला होता. तरीही 'घाणेरडे लोक' म्हणून बोट गेले ते गरिबांच्या खोल्यांकडे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. मोऱ्यांतून कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, घरांची कौले काढली गेली, माणसांना ओढून इस्पितळात व छावण्यांत नेले गेले. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता आणि मेलेल्या उंदरांतही तो पाहिला होता. पण मुंबईतल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात जुनीच कल्पना घट्ट होती : रोग घाणीच्या वाफेतून, जमिनीतून येतो. प्राणी ओळखायचा राहिला. माणसेच ओळखून बाजूला काढली गेली.

येथे एक घटना ध्यानात घेतली पाहिजे. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम निघाला. शहरात घबराट पसरली, लोक पळू लागले. नगरपालिकेचे कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती कसली वाटली? व्यापारी जातील याची नव्हे. हलालखोर, म्हणजे शहराचा मैला उचलणारे लोक, शहर सोडून गेले तर काय, याची. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांनी आपल्या अहवालात कबूल केले आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस तो हुकूम सौम्य करण्यात आला.

हा प्रसंग किती बोलका आहे! ज्यांची सावली नको होती, त्यांच्या पाठ फिरवण्याने एवढ्या मोठ्या शहराचा कारभार हादरला. आणि हे शहराला आधीपासून ठाऊक होते. म्हणूनच १८९० साली मुंबईत असा कायदा झाला होता की सफाईचे काम करणाऱ्या नगरपालिकेच्या नोकराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडले तर तो गुन्हा ठरावा. शहराला या माणसाची गरज होती. म्हणून शहराने त्याला मान दिला नाही, बेडी दिली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर आली. १८९७ च्या आरंभी लाखो लोक आपापल्या गावी निघून गेले होते. ज्यांना जाणे परवडत होते ते गेले. झाडू, टोपली आणि मेलेले उंदीर मागे राहिलेल्यांच्या हाती आले.

याच साथीत पुण्याजवळ दुसरे एक चित्र दिसते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. त्यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकार स्पर्शाची सक्ती करीत होते, समाज स्पर्शाचा विटाळ मानीत होता. सावित्रीबाईंनी स्पर्श हे माणुसकीचे कर्तव्य मानले.

आता शास्त्राकडे वळू. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखविले की प्लेग उंदराकडून उंदराकडे पिसवेमार्फत जातो. १८९८–९९ च्या सरकारी कमिशनने त्याला फारसे महत्त्व दिले नाही. पुढे मुंबईत लिस्टन यांनी गिनिपिग घरांत सोडून पिसवा गोळा केल्या. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन कमिशनने मुद्दाम खोपटी बांधून प्रयोग केले. जमिनीलगत ठेवलेले प्राणी मेले. पिसवेची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचले. वाफ, माती, जात, सगळे सिद्धांत त्या पिंजऱ्यांपुढे गळून पडले.

याच कमिशनने घरातला उंदीर 'ओळखला'. मुंबईत दोन जाती होत्या. एक गटारातला जाडजूड उंदीर. त्याची शेपटी अंगापेक्षा आखूड, तो बिळे करून राहतो. दुसरा घरातला काळसर, सडपातळ उंदीर. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब, तो आढ्यावर, कौलांत, माणसाच्या उशापायथ्याशी राहतो. साथ आधी गटारातल्या उंदरांत लागे, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या उंदरांत आणि त्यानंतर दहाबारा दिवसांनी माणसांत. म्हणजे घराच्या मृत्यूची वाट गटारातून येत होती. चाळीतल्या बाईने कितीही झाडले-सारवले, तरी नगरपालिकेचे गटार तिच्या हातात नव्हते.

आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्यांना हे ज्ञान आजही उपयोगी आहे. मातीचा ढीग बाहेर टाकून बीळ करते ती घूस. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री ही उंदीर नव्हेच. ती किडे खाते. उंदीर नुसते मारून संपत नाहीत. अन्न आणि आसरा शिल्लक असला की थोड्याच दिवसांत उरलेल्यांची पिलावळ ती जागा भरून काढते. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे, भिंतीतली भोके बुजवणे, कचरा रोज उचलला जाणे, हाच टिकाऊ उपाय. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये. एकाएकी बरेच उंदीर मरून पडले तर तत्काळ आरोग्य खात्याला कळवावे. अशा वेळी आधी पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो, कारण उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून. त्या पाण्यात सर्वांत जास्त वेळ कोण उभे असते, हे सांगायला नको.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोडून हवेशीर घरे बांधणे हा त्याचा हेतू. आरंभीच्या काळात त्याने बांधली त्याहून अधिक घरे पाडली आणि निघालेले लोक शेजारच्या वस्त्यांत दाटीवाटीने शिरले. पुढे ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. परळच्या पोयबावडीतील अशाच एका बी. आय. टी. चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. उंदरांच्या भीतीने बांधलेल्या त्या लहान खोल्यांतून आपल्या चळवळीचा मोठा कालखंड घडला, हे विसरता येत नाही.

हा सगळा भूतकाळ म्हणून बाजूला ठेवावा, तर १९९४ समोर येते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्या भयाने बीड जिल्ह्यातही लोक घराबाहेर राहू लागले. ओस घरांत धान्य उरले आणि उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात प्लेगचे रोगी आढळले. सप्टेंबरमध्ये सुरतेत साथीची हाक उठली आणि लाखो लोक पळाले. पुन्हा तेच : ज्यांच्याकडे गाडीभाडे होते ते गेले, कचरा उचलणारे राहिले. साथ ओसरल्यावर स्वच्छ शहर म्हणून सुरतेचा गौरव झाला. गौरव शहराचा होतो. झाडूचा होत नाही.

मुंबई महापालिकेने रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार नेमले आणि एका रात्री किमान ३० उंदरांचा हिशेब त्यांना लावला. तीस भरले नाहीत तर रोजावर गदा. गोदामे कोणाची, उकिरडे कोणी केले, गटारे कोणी उघडी ठेवली, यांचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

म्हणून, मित्रहो, आपल्या घरात उंदीर आला की सापळा जरूर लावा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो कोणत्या गटारातून आला ते शोधा आणि त्या गटाराच्या मालकाला जाब विचारा. रोगाचे कारण गरिबाच्या स्वभावात शोधणारे शास्त्र परळच्या त्या पिंजऱ्यांपुढे शंभर वर्षांपूर्वीच हरले. ते समाजाच्या मनातून हद्दपार व्हायचे राहिले आहे. उंदीर पडला की तो कोणी उचलायचा, हे जोवर जन्मावरून ठरते आहे, तोवर हे शहर निरोगी झाले असे आपण म्हणू शकत नाही.