माळवदाची माती आणि स्लॅबचा उन्हाळा

मुरुम, उमरगा, लोहारा या भागातील जुन्या गावठाणांत अजूनही काही माळवदाची घरे दिसतात. एप्रिलच्या दुपारी अशा घरात शिरले की अंगावर गारवा येतो. तेथून निघून शेजारच्या स्लॅबच्या घरात गेले तर पंख्याखालीही घाम थांबत नाही. हा फरक गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. तो कसा पडला, आणि त्यात शासनाच्या मदतीचा वाटा किती, हे मात्र आपण फारसे तपासत नाही.

प्रथम माळवद म्हणजे काय ते पाहू. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलचे, त्यावर पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, असे हे छत असते. पावसाळ्यापूर्वी गळती बुजवण्यासाठी त्यावर पुन्हा माती टाकत. असे करता करता थर हातभर जाड होई. भिंती दगडमातीच्या आणि दोन-अडीच फूट रुंद असत.

उष्णतेच्या दृष्टीने हे छत कसे आहे? एक चौरस मीटर छतातून, आतबाहेर एक अंश सेल्सिअस तापमानाचा फरक असताना, किती वॅट उष्णता आत येते ते मोजतात. ४५ सेंटिमीटर माती आणि खाली फळ्या धरून हिशेब केला तर उत्तर एक ते सव्वा वॅट येते. दहा सेंटिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचे उत्तर साडेतीन ते चार येते. दुसरा फरक वेळेचा आहे. दुपारची उष्णता एवढ्या मातीतून खाली उतरायला बारा-चौदा तास लागतात. ती पोहोचते तेव्हा पहाट झालेली असते आणि तिचा जोरही उरलेला नसतो. स्लॅबमधून तीच उष्णता अडीच-तीन तासांत आत येते. म्हणजे संध्याकाळी बाहेर वारा सुटतो तेव्हा स्लॅबचे घर आतून तापलेले असते.

मग लोकांनी माळवद का सोडले? त्याचे उत्तरही त्याच मातीत आहे. ४५ सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो भरते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर सहा टनांहून अधिक भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना त्याचा सर्वाधिक तडाखा बसला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या भिंतींचे दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. ते सुटले, भिंती कोसळल्या आणि झोपलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. ज्या जाडीने उन्हाळ्यात जीव सुखावत होता, तिनेच जीव घेतला.

त्यानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. इतर गावांत दुरुस्ती आणि मजबुतीसाठी लोकांना अनुदान दिले. भिंतीतून आरपार जाणारे लांब दगड बसवणे, काँक्रीटचे पट्टे घालणे, छतावरची माती कमी करणे, अशी कामे त्यातून झाली. शासकीय पैशाला या वेळी एक तांत्रिक अट जोडलेली होती आणि ती अट होती मजबुतीची. तेव्हाच्या परिस्थितीत ती योग्यच होती. मेलेल्या माणसाला गारवा कशाचा?

उष्णतेचा विचार देशात वेगळ्या वाटेने चालला होता. इमारतींच्या उष्णतारोधनाची मार्गदर्शिका भारतीय मानक संस्थेने १९७८ मध्येच सुधारून काढली होती, पण ती बंधनकारक नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीला महत्त्व आले. महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. तो १ मार्च २००२ पासून अमलात आला आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आणि निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली.

या २०१८ च्या संहितेत छतासाठी एक मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट. वर माळवदाचा काढलेला आकडा आठवा. आपल्या आजोबांचे छत या नव्या संहितेच्या मर्यादेच्या आसपास बसते. उघडा स्लॅब तिच्या तिप्पट बाहेर जातो.

परंतु ही संहिता लिहिली गेली ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी. २०२२ च्या कायदादुरुस्तीतही १०० किलोवॅट विद्युतभाराच्या इमारतींचा विचार आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. भूकंपानंतरचे सर्वांत लहान घरही सुमारे २३ चौरस मीटरचे होते. म्हणजे ज्याला वातानुकूलन परवडते त्याच्या इमारतीला उष्णतेचा नियम लागतो आणि ज्याच्याकडे एक पंखा आहे, त्याचे छत नियमाबाहेर राहते.

पुन्हा मातीचे ओझे डोक्यावर घ्यावे, असा याचा अर्थ नाही. आता हवे आहे ते हलके उष्णतारोधन. चुन्याची पांढरी सफेदी ऊन परतवते. स्लॅबवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवता येतात, किंवा सावलीसाठी मांडव घालता येतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. घरकुलाच्या अनुदानाला १९९३ नंतर मजबुतीची अट जोडता आली, तशी सफेदीची एक ओळही जोडता येईल.

हे वर्गात पडताळून पाहता येते. शाळेच्या स्लॅबचा एका खोलीवरचा भाग चुन्याने रंगवावा, शेजारच्या खोलीवरचा तसाच ठेवावा. दोन्ही खोल्यांत छताखाली तापमापक टांगून सकाळी आठ ते सायंकाळी सहापर्यंत दर तासाला नोंद घ्यावी आणि आलेख काढावा. गावात माळवदाचे घर असेल तर तिसरा तापमापक तेथे ठेवावा. तीन रेषांपैकी कोणती सर्वांत सपाट येते ते मुलांनी आधी कागदावर लिहून ठेवावे. पूर्ण झालेला आलेख ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत नेऊन दाखवावा.