मानकरी कसे ओळखावेत? : कोल्हापूरच्या अवशेषांसंदर्भात काही विचार

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात येणारा प्रेक्षक हमखास थांबतो तो पोसायडनच्या लहानशा मूर्तीपाशी. या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली. एवढ्या दूरची वस्तू ज्याच्या घरी होती तो कोणी मोठा असामी असला पाहिजे, असा निष्कर्ष आपण नकळत काढून मोकळे होतो. परंतु ही मूर्ती काशाच्या इतर अनेक वस्तूंसह एका साठ्यात होती. तो साठा म्हणजे हौशी गृहस्थाचा संग्रह, व्यापाऱ्याचा माल, की धातू वितळवणाऱ्या कारागिराकडे आलेली मोड? वस्तू तीच राहते. मालकाचे समाजातील स्थान मात्र प्रत्येक उत्तरागणिक बदलते.

हा सातवाहनकाळाचा प्रश्न मध्ययुगात अधिकच अवघड होतो. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. तेथे सातवाहन वस्तीच्या वर बहमनी काळाचे थर लागले व त्यांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. बांगडी फुटते, फेकली जाते, म्हणून ती उत्खनकाच्या हाती लागते. सोन्याची पाटली फुटत नाही; ती सुनेकडे जाते, अडचणीत गहाण पडते, अखेर सोनाराच्या मुशीत वितळते. रेशीम कुजते, सागवानी तुळया दुसऱ्या घराला लागतात. म्हणजे श्रीमंतीची जी चिन्हे आपण शोधू पाहतो, तीच मातीत सर्वांत कमी उरतात. केवळ मौल्यवान वस्तूंच्या मागे लागणाऱ्याला वरचा वर्ग सापडेलच याची हमी नाही.

आपल्या भाषेत धनवान आणि मानकरी हे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. धन पेटीत असते. मान चारचौघांत असतो. तो कोणी तरी मागावा लागतो आणि इतरांनी द्यावा लागतो. त्यामुळे मानाचे अवशेष शोधायचे तर ते सार्वजनिक जागी शोधले पाहिजेत : देवळात, वेशीवर, घाटावर.

शिलाहारांच्या कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. गंडरादित्याच्या कारकिर्दीतील शके १०५८ च्या शिलालेखात निंबदेवरस या सामंताने बांधलेल्या पार्श्वनाथाच्या जिनालयाला व्यापारी संघांनी आपल्या मालावरील आकारणीतून देणगी दिल्याची नोंद आहे. यात नवल नाही. सामंताने देऊळ बांधावे, पेठेने त्याला हातभार लावावा, हे अपेक्षितच. परंतु विजयादित्याच्या काळातील शके १०६५, म्हणजे इ. स. ११४३ चा लेख आपल्याला चकित करतो. तेथे जिनालय बांधणारा वासुदेव हा कामदेव नावाच्या सामंताचा ‘हडपवळ’, म्हणजे पानाचा डबा सांभाळणारा सेवक आहे. लेख हरवला असता आणि नुसते देऊळ उरले असते, तर आपण त्याच्या कर्त्याला बिनदिक्कत सरदार ठरवले असते. आणि उलट, ‘सेवक’ हा शब्द तेवढा हाती आला असता, तर त्याला सामान्यांत ढकलले असते. दरबारात धन्याच्या किती जवळ उभे राहता येते, यावर प्रतिष्ठा ठरत होती; ते अंतर दगडी चौथऱ्याच्या मोजमापातून कळत नाही.

वीरगळ या दृष्टीने फारच बोलके असतात. खालच्या चौकटीत लढाई व पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची साधारण मांडणी. वीर घोड्यावर आहे की पायी, त्याच्यावर छत्र धरले आहे का, मागे सैन्य आहे की समोर फक्त गाई, यांवरून दर्जाचा अंदाज बांधता येतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर आरमारी युद्ध कोरलेले आहे. त्यामागे राजसत्तेचे बळ उघड दिसते. पण करवीर तालुक्यातील बीडसारख्या गावी उभे असलेले कित्येक वीरगळ साधे आहेत. गाईंसाठी पडलेल्या माणसालाही गावाने तोच स्वर्ग आणि तेच चंद्रसूर्य दिले. हा मान जन्माने आला नव्हता, मरणाने आला होता. पुढे पंचगंगेच्या घाटावर छत्रपती घराण्याची समाधिमंदिरे उभी राहिली. त्यांत मृत्यूच्या पराक्रमाला नव्हे, तर वंशाच्या सातत्याला दगडी रूप मिळाले. स्मारकाचा आकार वाढला, एवढाच हा बदल नाही. मान कशासाठी द्यायचा, याची कल्पनाच पालटली.

म्हणूनच अवशेषाची जागा ही त्याच्यावरील कोरीव कामाइतकीच महत्त्वाची. वेशीवरचा वीरगळ गावाचा, देवळाच्या दारातला देवस्थानाशी जोडलेला, शेताच्या बांधावरचा कदाचित तेथेच पडलेल्या माणसाचा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे दगड उचलून एका रांगेत सिमेंटमध्ये बसवले जातात, ऑइलपेंटने रंगवले जातात. कुठे ते पायरी होतात, कुठे धुण्याचा दगड. रंग कदाचित काढता येईल. पण दगड मुळात कुठे होता, त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, शेजारी सतीशिळा होती की गद्धेगळ, हे एकदा पुसले की परत मिळत नाही. हलवण्यापूर्वी एक छायाचित्र आणि चार ओळींची नोंद, एवढे कोणत्याही गावाला करता येण्यासारखे आहे. राजांची नावे ताम्रपटांत सुरक्षित आहेत. ज्यांच्या नावाचा कुठेच उल्लेख नाही, त्या मानकऱ्यांचा पत्ता मात्र त्या दगडाच्या जागेतच आहे.