लक्ष्मीबाई टिळकांची वाट

मनुष्याचे आयुष्य पालटते ते पुष्कळदा त्याच्या इच्छेविरुद्ध. घर मोडते, आधार तुटतो, कालपर्यंतचे आप्त परके होतात. अशा वेळी धर्मश्रद्धा माणसाला काय देऊ शकते, या प्रश्नाचे एक अत्यंत प्रामाणिक उत्तर मराठी भाषेत लिहिले गेले आहे. ते एखाद्या धर्मोपदेशकाने दिलेले नाही. कोणत्याही शाळेत न शिकलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली जेमतेम अक्षरे गिरवलेल्या एका स्त्रीने ते दिले. ही स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 मध्ये, नाशिकजवळच्या जलालपूर गावचा. माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले धान्य तर धुवावे लागेच, परंतु मीठ आणि साखर यांनाही पाण्याचा संस्कार चुकत नसे. पाण्याने पदार्थच नाहीसा झाला तरी चालेल, विटाळ राहता कामा नये, अशी त्या घराची रीत होती. अशा घरातून वयाच्या अकराव्या वर्षी, 1880 मध्ये, त्या नारायण वामन टिळकांच्या संसारात आल्या. टिळक पिंडाने कवी आणि वृत्तीने बैरागी. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात पैसा टिकत नसे आणि मन एका जागी ठरत नसे.

1893 मध्ये टिळक नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. त्या गृहस्थाने बायबलची एक प्रत भेट दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी केवळ शब्द दिला म्हणून वाचन आरंभिले. परंतु गिरिप्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. आपल्या मनातील कितीतरी प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना ज्या दिवशी आपले ध्येय लाभले, त्याच सुमारास लक्ष्मीबाईंचे सर्वस्व लोपले. पदरी लहानगा मुलगा, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला सधवा म्हणावे की विधवा, हेही कोणाला ठरवता येईना. बातमी कळताच त्यांचे देहभान हरपले. पुढची सुमारे पाच वर्षे त्यांनी माहेरच्या नातलगांच्या आश्रयाने काढली. ज्या धर्मश्रद्धेने पतीला शांती दिली, तिनेच पत्नीचा संसार उधळला, ही गोष्ट या इतिहासात झाकून ठेवण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनी ती स्वतःही झाकली नाही. त्याच वियोगात त्यांच्या हातून कविता उतरू लागली. टिळकांची पत्रे येत राहिली. त्यांत ममता असे, परंतु धर्माची सक्ती नसे.

अखेर त्या पतीकडे परतल्या. मात्र धर्माने हिंदूच राहून. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे पूर्ववत्. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी ही व्यवस्था मनापासून स्वीकारली, आणि येथेच त्यांच्या नव्या श्रद्धेची खरी कसोटी लागली. वादात जिंकलेली पत्नी त्यांना नको होती.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते विचाराने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्यापुढे उभा राहिला. जन्म सर्वांना सारखाच, मरण सारखेच, इंद्रिये आणि सुखदुःखेही सारखीच. मग हा भेद देवाचा कसा? उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. मीठ धुणाऱ्या घरातील मुलीने टाकलेले हे पाऊल साधे नव्हते. त्यानंतर 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो काळ भीषण दुष्काळाचा होता. टिळकांच्या घरी निराधार मुलांना थारा मिळू लागला आणि जी चूल विटाळाच्या भीतीने वेगळी मांडली होती, तिच्याभोवती परक्यांची लेकरे जेवू लागली. श्रद्धेचे फळ पाहावयाचे असेल तर ते या पंगतीत पाहावे.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईस निवर्तले. लक्ष्मीबाई पन्नाशीला आल्या होत्या. मागे संपत्ती नव्हती. होते ते एक अपुरे काव्य. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प टिळकांनी 1909 मध्ये आरंभिला होता. परंतु ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. उरलेले काम या अल्पशिक्षित विधवेने अंगावर घेतले आणि 64 अध्याय रचून ते पुरे केले. 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये छापून बाहेर पडले. ग्रंथ हाती घेण्याचे भाग्य दोघांपैकी कोणालाही लाभले नाही.

या घटनेला मराठी भाषेच्या इतिहासात एक जुना धागा आहे. मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले, मराठीच्या प्रेमात पडले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. ज्ञानेश्वरांच्या ओवीत परदेशी पाद्रीने ख्रिस्तकथा गायिली. तीन शतकांनंतर त्याच ओवीत ती जलालपूरच्या एका गृहिणीने गायिली. धर्म पालटला, भाषा पालटली नाही. माहेरच्या ओटीवर कानी पडलेल्या ओव्यांची लय तिच्या नव्या श्रद्धेचीही लय झाली.

लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात दुःखाचे प्रसंग पानोपानी आहेत. तरी ते वाचताना वाचकाला पुन्हा पुन्हा हसू येते. स्वतःची फजिती त्या मोकळेपणाने सांगतात, आणि ज्या पतीमुळे इतके सोसले त्याच्याविषयी त्यांच्या लेखणीत कडवटपणाचा थेंब सापडत नाही. त्यांच्या श्रद्धेने वियोगाची ती पाच वर्षे भरून दिली नाहीत, की गेलेला सोबती परत आणला नाही. तिने दिली ती उद्याचे काम हाती घेण्याची उमेद. ज्या नव्या धर्माच्या वार्तेने एके काळी त्यांचा जीव कासावीस झाला होता, त्याच धर्माचे महाकाव्य त्यांनी उतारवयात, एकेक ओवी जुळवीत, शेवटास नेले.